हाती कथलाचा वाळा

म्हणीवर टीकालेख लिहिण्याची आपल्याकडे चाल नाही. कादंबरीवर लिहितात, कवितेवर लिहितात, नाटकावर तर काही जण नाटक पाहण्याआधीही लिहितात; पण म्हण कुणा एकाची नसते, तेव्हा जाब विचारायचा तो कुणाला, अशी अडचण पडत असावी. या दिवाळीला मी मात्र एका म्हणीलाच जाब विचारायला बसलो आहे, आणि तिच्याबरोबर थोडासा स्वतःलाही. म्हण सर्वांच्या ओठांवरची आहे : ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.’

मागल्या वर्षी सातवीच्या वर्गात मी म्हणी शिकवीत होतो. वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव सोन्यावरूनच ठेवलेले. हातात जुन्या घडणीचे एक पांढरे, जाड कडे. अर्थ सांगता सांगता माझी नजर तिच्या हातावर गेली आणि तोंडातून निघून गेले, “हे पाहा, उदाहरण समोरच बसले आहे!” वर्ग हसला. मीही हसलो. मुलीने हात दप्तराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आजी शाळेत आली. नऊवारी लुगडे, कपाळावर गोंदण. खुर्चीवर बसा म्हटले तर बसली नाही. तिने हातातला गोठ पिरगाळून काढला आणि माझ्या हजेरीपटावर ठेवला.

“गुरुजी, जरा उचला.”

मी उचलला. हात खाली गेला.

“कथिल येवढं जड असतंया व्हय? राणीछाप रुपयं आटवून केल्याला हाय. माझ्या आजेसासूचा. पोरीच्या हातातला त्याच्याच जोडीचा, तिच्या मापाला आवळून दिलाय.”

एवढे बोलून तिने गोठ पुन्हा हातात चढवला आणि ती गेली. रागावली नाही, तक्रार केली नाही. हेडमास्तरांकडे गेली असती तर मला बरे वाटले असते. निदान माझी बाजू मांडता आली असती.

त्या दिवसापासून ही म्हण माझ्या डोक्यात वाजते आहे.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती आपल्याच धंद्याविषयी. आम्ही साहित्यावर लिहिणारी मंडळी शब्द कुठून आणतो पाहा. ‘निकष’ म्हणजे सोने घासून पाहायचा दगड. ‘कसोटी’ तीच. ‘कस लावणे’, ‘बावनकशी’, ‘हिणकस’, ‘चोख’ ही सगळी सामग्री आम्ही सोनाराच्या पेढीवरून उसनी आणलेली आहे. चांगल्या लेखनाला आम्ही बावनकशी म्हणतो. रुप्यावरून आम्ही काय घेतले? ‘त्याची चांदी झाली’ एवढा एक वाक्प्रचार. आणि तो फायद्याचा आहे, गुणाचा नव्हे. ज्या भाषेत चांगले-वाईट ठरवण्याचे शब्दच सोन्याचे, त्या भाषेत रुपे ल्यालेल्या बाईचा न्याय कसा व्हायचा? खटला सुरू होण्यापूर्वीच निकाल लिहून ठेवलेला.

म्हणीतही तेच झाले आहे. तिच्यात सोने आहे आणि कथिल आहे. मधले रुपे मुळी नाहीच. जे सोने नाही ते सारे कथलाच्या ढिगात. माझ्या डोळ्यांनी वर्गात हेच केले : पांढरे दिसले, कथिल म्हणालो.

आता कुणी म्हणेल, मास्तर, ही आवडीनिवडीची गोष्ट. कुणाला सोने आवडते, कुणाला चांदी. त्यात एवढे मनाला काय लावून घ्यायचे? मलाही पूर्वी असेच वाटे. आमच्या घरातच दोन आवडी नांदत होत्या. माझी आई शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू गावची. तिच्या अंगावर रुपेच रुपे. हातात गोठ, गळ्यात सरी, पायात तोरड्या आणि जोडवी. सोने म्हणाल तर डोरले आणि नाकातली मोरणी. पत्नी दौंडची, रेल्वेच्या नोकरदाराची मुलगी. तिच्या अंगावर थोडेच, पण सोने : दोन बांगड्या, बारीक साखळी, कानांत कुड्या. दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमा वाहते, तशी आमच्या स्वयंपाकघरातून या दोन आवडींची नदी वाहत असे.

“सोनं मुकं असतं गं,” आई म्हणे. “घातलं काय, नाही काय. रुपं कसं चालताना सांगतं, बाई आली म्हणून.”

“आत्या, सांगून काय करायचंय?” पत्नी म्हणे. “रात्री बारा वाजता दवाखान्यात पैसे भरायचे झाले तर सोनं उभं राहतं. तुमच्या तोरड्या मोडायला नेल्या तर सोनार आधी घट धरतो, मग भाव सांगतो.”

दोघींचेही खरे होते. आईचे कान शाबूत होते आणि पत्नीचा हिशेब. पण या दोन खऱ्या गोष्टी दोघींच्या वाट्याला आल्या कशा, हे पाहायला मला नदीच्या दोन्ही काठांचा इतिहास चाळावा लागला. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तेव्हा पांडित्याची अपेक्षा वाचकांनी करू नये. पण जे दिसले ते सांगतो.

हा सारा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. बाजरी-ज्वारी आली तर वर्ष निभते, नाही तर सावकार. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावी लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला दंगा उसळला, आणि पुणे-नगर भागात ठिकठिकाणी सावकारांचे कागद जाळले गेले. दख्खनचे दंगे म्हणून हे इतिहासात नोंदले आहे. ज्या शेतकऱ्याची जमीन कागदावर, बैल कागदावर, त्याच्या घरात कागदाबाहेर एकच पेढी उरे : बायकोच्या हातापायांतले रुपे. ते अंगावरून उतरले की समजावे, घराचा तळ लागला. तो लगेच पुढल्याच वर्षी लागला. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात खेड्यापाड्यांतले रुप्याचे दागिने मुंबईच्या टांकसाळीत आटवायला गेले. गोठ, वाळे, तोरड्या, सरी जाऊन त्यांचे रुपये झाले, आणि रुपयांचे धान्य.

इथे त्या आजीच्या ‘राणीछाप’ रुपयाचे मर्म आहे. १८३५ पासून सरकारी रुपया एक तोळा वजनाचा होता, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे रुपये आटवून गोठ केला तरी धन गेले नाही. वेळ आली की चांदी टांकसाळीत न्यावी, थोडी मजुरी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत. दागिना आणि नाणे ही एकाच चांदीची दोन रूपे होती. असली बाई रुपे ल्याली तर तिला सोन्याची पारख नाही असे कोण म्हणेल? तिच्या अंगावर खणखणीत चलन होते.

मग जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर धरून ठेवायची, असे धोरण ठरले. साहेबाच्या दृष्टीने तो हुंडणावळीचा प्रश्न होता. पण करड्याच्या किंवा पाटसच्या बाईच्या दृष्टीने एवढेच झाले की, काल तिच्या हातात जे रुपये होते ते आज नुसती चांदी होऊन बसली. तिने काही खर्चले नव्हते, कुणी काही चोरले नव्हते. गोठ होता तसाच होता. सोन्याचा मान तिच्या डोळ्यांत वाढला तो काय सोने एकाएकी अधिक सुंदर दिसू लागले म्हणून? आवड बदलली असे आपण म्हणतो. पुष्कळदा कायदा बदललेला असतो.

त्यात पाणी आले. खडकवासल्याचा कालवा दौंडकडे गेला, ऊस आला, गुऱ्हाळे आणि कारखाने आले. दौंडला रेल्वेचे जंक्शन. महिन्याच्या महिन्याला पगार. वर्षाकाठी पीक येणाऱ्या घरात दागिना मोठा आणि क्वचित घडतो; पगाराच्या घरात गुंजा-गुंजांनी साठतो, आणि गुंजांनी साठवायला सोनेच बरे. शिरूरकडे चिंचणीचे घोड धरण झाले, पुढे रांजणगावचे कारखाने आले, तसे इकडेही गळ्यात सोने चढले आणि हातापायांतले रुपे उतरले. माझ्या पत्नीची ‘सोन्याची आवड’ आणि आईची ‘रुप्याची आवड’ यांच्या मुळाशी एक कालवा होता आणि एक पगारपत्रक.

इथवर हिशेब झाला. पण दागिना हा नुसता हिशेब नव्हे. तो दर्जाही सांगतो. आपण देहाचीही वाटणी केली आहे : कमरेच्या वर सोने, खाली रुपे. लक्ष्मी पायाला लावू नये, म्हणून जोडवी, मासोळ्या, पैंजण चांदीचे. श्रीमंतातल्या श्रीमंत घरची सून पायात सोने घालीत नाही. राजपुतान्यातल्या संस्थानांत तर पायात सोने घालण्याचा मान दरबारातून मिळावा लागे. म्हणजे रुपे ही पायाची धातू ठरली. जी बाई गळ्यात आणि दंडातही रुपेच घालते, ती समाजाच्या देहात कुठे बसते हे मग कुणी बोलून दाखवण्याची गरज उरत नाही.

हे ज्यांना बोलून दाखवावेसे वाटले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १ जानेवारी १९२७ रोजी ते आमच्या शिरूरच्या वेशीवर, कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाशी आले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी जमलेल्या स्त्रियांपुढे त्यांनी लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि दागिने यांविषयी भाषण केले. गळ्यातल्या त्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे चांदीचे नाही तर कथलाचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळखखूण झाली आहे, ती टाकून द्या, असा त्याचा आशय. आणि दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाही तर घालूच नका, असेही त्यांनी सांगितले.

हे भाषण मी पूर्वीही वाचले होते. पण वर्गातल्या त्या प्रसंगानंतर पुन्हा वाचले तेव्हा ‘कथिल’ या शब्दाशी थबकलो. जी म्हण आम्ही मुलांना गंमत म्हणून पाठ करायला लावतो, तिच्यातले कथिल कुणाच्या तरी हातात खरोखर होते. आणि ते हौसेने निवडलेले नव्हते. त्या स्त्रियांनी ते दागिने उतरवले, त्यात सौंदर्यदृष्टीचा प्रश्नच नव्हता. तो माणूस म्हणून ओळखले जाण्याचा प्रश्न होता. एकीने रुपे अंगावर घातले, दुसरीने ते उतरवून ठेवले. दोघींच्याही कृतीत निर्णय आहे, आणि आपण दोघींच्याही बाबतीत ‘आवड’ हा एकच शब्द वापरून मोकळे होतो.

दौंड तालुक्यातच केडगाव आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेर, दुष्काळाच्या दिवसांत, पंडिता रमाबाईंनी तिथे अनाथ मुली आणि विधवा यांच्यासाठी मुक्तिसदन उभे केले. नवरा गेला की बाईच्या अंगावरचे सोने आणि रुपे दोन्ही उतरत. तिला काय आवडते हे त्या दिवसापासून कुणी विचारीत नसे. रमाबाईंच्या छायाचित्रांत त्या साध्या पांढऱ्या वस्त्रात, अलंकारांवाचून दिसतात. बायकांच्या दागिन्यांच्या आवडीवर लिहिताना हा तिसरा हातही आठवावा : ज्यात काहीच नाही आणि ज्याची आवड विचारलीच गेली नाही तो.

सोन्यालाही कायद्याने सोडले नाही हे खरे. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. चौदा कॅरट म्हणजे शंभरात सुमारे अठ्ठावन्न भाग सोने. कित्येक सुवर्णकार देशोधडीला लागले, काहींनी जीव दिला. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये उठली. पण १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा रद्द व्हायला १९९० उजाडले. सरकारला वाटले, लोकांना पिवळा रंग आणि नक्षी हवी असेल तर चौदा कॅरटमध्येही ती मिळते. पण बाईला नुसता पिवळा रंग हवा असता तर जेजुरीच्या भंडाऱ्यात तो पोत्याने आहे. तिला हवा होता तो भरवसा. पेशवाईपासूनचे सोन्याचे कौतुक सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की आपल्या बायकांचे सोन्यावरचे प्रेम हे पुष्कळदा माणसांवरच्या अविश्वासाचे दुसरे नाव असते.

आता स्वतःला जाब. माझ्या पहिल्या कादंबरीची नायिका कोरडवाहू गावची मजूर बाई आहे. पहिल्याच प्रकरणात मी तिच्या गळ्यात ठुशी आणि बोरमाळ घातली, हातात पाटल्या घातल्या. कशाने? गावरान सौंदर्य म्हटले की चित्रपटांनी डोळ्यांपुढे उभी केलेली हीच मूर्ती. शिरूरची असो, सांगलीची असो, तिच्या गळ्यात कोल्हापुरी साज. एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले, “हिच्याकडे एवढे सोने आहे तर ही दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला का जाते?” प्रश्नाला उत्तर नव्हते. ज्या बाईची गरिबी मी अडीचशे पाने वर्णिली, तिच्या अंगावर रुपे ठेवायची मला लाज वाटली होती. आमच्या ग्रामीण कथा-कादंबऱ्यांत हे दुखणे माझे एकट्याचे नाही. आम्ही बाईचे दुःख खरे लिहितो आणि दागिने खोटे.

आणि ही लाज कागदापुरती राहिली नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नात आई गोठ-तोरड्या घालून मांडवात वावरत होती. वरपक्षाकडचे कुणी तरी म्हणाले, “जुन्या वळणाची माणसं दिसतात.” म्हणणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे, मला मात्र ते झोंबले. पुढल्याच महिन्यात मी आईला समजावले, की आता ही ओझी कशाला, चांदीला भाव बरा आहे, मोडून कानांत कुड्या करू. तिने फार वाद घातला नाही. सोनाराने व्यवहार चोख केला. त्याला मी बोल लावीत नाही. साठ तोळे रुपे तराजूत गेले आणि त्याच्या बदल्यात आल्या दोन कुड्या, चिमटीत मावतील एवढ्या. घरी येताना आई मनगट चोळीत म्हणाली, “हात हलका झाला.” मी ते सुटकेचे वाक्य समजलो. पुढे वर्षानुवर्षे बोलता बोलता ती मनगट चोळी, तेव्हा मी दुसरीकडे पाही.

आई गेली त्याला आता सात वर्षे झाली. माझी मुलगी पुण्याला कॉलेजात शिकते. तिच्या मैत्रिणी काळपट केलेल्या चांदीच्या नथी, जाड कडी, सरीसारखे गळ्यातले घालतात. दुकानांतून असल्या दागिन्यांना मोठे मोल आले आहे. मागच्या सुट्टीत तिने विचारले, “आबा, आजीचे गोठ कुठे आहेत?”

मी म्हटले, “मोडले.”

“का?”

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “जड होते.”

मुलीच्या या आवडीचे काय करावे, हे मला अजून नीट कळलेले नाही. तिच्या डोळ्याला चांदी सुंदर दिसते याचा मला आनंद आहे. आजीच्या कानाने जे ऐकले ते नातीच्या डोळ्याने पाहिले म्हणायचे. पण शहरातल्या दुकानात ‘पारंपरिक’ म्हणून विकत घेतलेले रुपे आणि सक्तीची खूण म्हणून वागवलेले रुपे या दोहोंची जातकुळी एक नव्हे, एवढे तिला कळावे असे वाटते. जिला वाटेल तेव्हा उतरवून ठेवता येते तिलाच चांदीचे कौतुक परवडते. आम्ही रुप्याला हसलो ही एक चूक. आता त्याला डोक्यावर घेताना ते का टाकावे लागले हे विसरणे, ही दुसरी.

तर मग दागिन्याची पारख करायची तरी कशी? माझ्यापुरता मी एक नियम ठरवला आहे. बाईच्या अंगावर कोणती धातू आहे हे पाहून तिची अभिरुची ठरवू नये. ती तिने स्वतः निवडली का, आणि निवडायला तिला दुसरे काही होते का, हे आधी पाहावे. निवडायला मुभा असताना ज्या बाईने चांदी निवडली तिची रसिकता मोठी. आणि निवडायला मुभा मिळताच जिने चांदी उतरवून सोने घातले, किंवा काहीच घातले नाही, तिची रसिकता त्याहून लहान नव्हे. २०२५ साली सोने दहा ग्रॅमला लाख रुपयांपलीकडे गेले. आता पगारदाराच्या घरीही लग्नात बेंटेक्सचे हार खुशाल मिरवतात आणि खरे लॉकरमध्ये राहते. उद्या कदाचित आपण सारेच सोनुबाई होऊ. तेव्हा त्या हसण्याची चव आपल्यालाही कळेल.

यंदा सातवीच्या वर्गात म्हणींचा पाठ पुन्हा आला. ती मुलगी आता आठवीत गेली. मी ही म्हण गाळली नाही. गाळल्याने ती मरत नाही. फळ्यावर लिहिली आणि मुलांना विचारले, “ही म्हण कुणी केली असेल? सोन्याचा वाळा घालणाऱ्या बाईने, की कथलाचा?” वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “दोघींनीपण नाही, गुरुजी. बघणाऱ्यानं.”

दसऱ्याला संध्याकाळी पोरे आपट्याची पाने घेऊन घरी आली. त्यांत ती आठवीतली मुलगीही होती. तिने माझ्या हातावर पान ठेवले, वाकून नमस्कार केला. हातात तेच कडे होते, चिंचेने घासून लख्ख केलेले. मी तिला म्हणालो, “त्या दिवशी वर्गात मी चुकलो, बाळ. ते कथिल नव्हते.”

“माहीत होतं मला,” ती म्हणाली.